छावणीबाहेर जाणारा याजक

बायबल पहिल्या पानापासून वाचायचं ठरवलेल्या बहुतेकांची गाडी लेवीय पुस्तकात रुतते. उत्पत्ती गोष्टींमुळे सरसर होतं, निर्गमात फारो आहे, तांबडा समुद्र आहे, आणि मग एकदम होमार्पणं, चरबी, कातडीवरचे चट्टे, घराच्या भिंतीवर आलेली बुरशी असं सगळं सुरू होतं आणि माणूस थेट स्तोत्रांकडे वळतो. मला मात्र हे पुस्तक अतिशय प्रिय आहे. याजकपण म्हणजे नक्की काय, याबद्दल मला जे काही कळलंय त्यातलं निम्मं तरी इथूनच कळलंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

याजक म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? वेदीजवळ उभा असलेला, झगा घातलेला, बाकी सगळ्यांपेक्षा एक-दोन पायऱ्या वर असलेला माणूस. बायबलमध्येही हे चित्र आहे, नाही असं नाही. निर्गम 28 मध्ये अहरोनाच्या, म्हणजे मोशेच्या भावाच्या, इस्राएलाच्या पहिल्या प्रमुख याजकाच्या कपड्यांचं एवढं वर्णन आहे की शिंप्याला तेवढ्यावर काम सुरू करता यावं. निळ्या झग्याच्या घेराला सोन्याच्या घंटा आणि मधेमधे डाळिंबं, डोक्याला मंदिल, त्यावर सोन्याची पट्टी. पण त्यात दोन गोष्टी अशा आहेत की मी दर वेळी तिथे थांबते. एक, दोन्ही खांद्यांवर एकेक मणी, आणि प्रत्येक मण्यावर इस्राएलाच्या सहा-सहा वंशांची नावं कोरलेली. दुसरं, छातीवरच्या ऊरपटावर बारा रत्नं, चार ओळींत तीन-तीन, आणि प्रत्येकावर एकेका वंशाचं नाव. म्हणजे हा माणूस आत देवासमोर जातो तेव्हा स्वतःचं नाव कुठेच नसतं त्याच्या अंगावर, बाकी सगळ्यांची असतात, खांद्यावर पण आणि काळजाजवळ पण. आणि त्या नावांत भांडखोर वंशही आहेत, पुढे जाऊन फुटून निघणारे पण आहेत, कुणालाच वगळलेलं नाही. इतका भरजरी पोशाख आणि तो बनवलाय कशासाठी तर ओझं वाहायला.

आणि वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, प्रायश्चित्ताचा, सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेचा, त्या दिवशी तो परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या सगळ्यात आतल्या खोलीत, जाताना हे सगळं उतरवून साधी तागाची वस्त्रं घालायची असं लेवीय 16 सांगतं. शिवाय लोकांच्या पापासाठी काही करण्याआधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पायचा. आधी स्वतःचा हिशोब, मग दुसऱ्यांचा.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते. लेवीय 8 मध्ये अहरोन आणि त्याच्या मुलांची दीक्षा आहे. मोशे मेंढ्याचं रक्त घेतो आणि अहरोनाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो. डोक्यावर तेल ओतलं जातं. मग सात दिवस दर्शनमंडपाच्या, म्हणजे त्या उपासनेच्या तंबूच्या, दारातून हलायचं नाही आणि आठव्या दिवशी सेवा सुरू. ऐकणं, करणं, चालणं, तिन्ही देवाचं, असा याचा अर्थ बरेच जण लावतात आणि तो मला पटतोही. पण सहा अध्याय पुढे जा. लेवीय 14. कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस. (बायबलमधल्या या शब्दात आजच्या कुष्ठरोगासोबत कातडीचे बरेच आजार येतात, पण समाजाने बाहेर काढणं तेच.) त्याच्यासाठी याजक कोकरू मारतो, आणि त्याचं रक्त कुठे लावतो? उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला. त्याच जागा. वर तेल, उरलेलं तेल डोक्यावर. सात दिवस त्यानेही आपल्या तंबूबाहेर थांबायचं आणि आठव्या दिवशी हा विधी.

मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दोन्ही अध्याय शेजारी शेजारी उघडून परत परत बघत बसले होते. राष्ट्रातला सगळ्यात पवित्र मानलेला माणूस आणि सगळ्यात अपवित्र ठरवून बाहेर हाकललेला माणूस, दोघांना एकाच तऱ्हेने, एकाच तीन जागी रक्ताची खूण. हा योगायोग वाटत नाही मला. कारण हेच पुस्तक त्या दोघांना एकमेकांच्या अगदी उलट उभं करतं: कुष्ठरोग्याने कपडे फाडायचे, केस मोकळे सोडायचे, ‘अशुद्ध, अशुद्ध’ ओरडायचं (13:45), आणि प्रमुख याजकाने केस मोकळे सोडायचे नाहीत, कपडे फाडायचे नाहीत (21:10). दोन टोकं. आणि ती टोकं जोडायला कोण जातं, तर याजक. चौदाव्या अध्यायात स्पष्ट आहे की याजकाने छावणीच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या वाळवंटातल्या मुक्कामाच्या, बाहेर जाऊन त्याला बघायचं. आजारी माणसाला आत यायची परवानगी नाहीच, मग आतल्याने बाहेर जायचं. बरं, हा याजक त्याला बरंही करत नाही, त्याच्याकडे औषध नाही, मंत्र नाही. तो फक्त जवळ जाऊन नीट बघतो, आणि बरा झालाय असं दिसलं की त्याला हाताला धरल्यासारखं माणसांत परत आणतो. गरीब असेल तर अर्पण कमी, तीन कोकरांऐवजी एकच आणि दोन पारवे, पण रक्त आणि तेल लावण्यात काही कमी नाही.

माझ्या मते याजकपणाचा गाभा हा आहे. वेदी आहे, धूप आहे, झगा आहे, पण याजक ओळखायचा तो छावणीच्या सीमेवर. तो बाहेर जातो का.

गणना 16 मध्ये याचंच अजून एक रूप आहे. कोरह नावाचा लेवीच्या वंशातला माणूस आणि त्याच्याबरोबरचे 250 प्रमुख मोशे-अहरोनाला जाब विचारतात की सगळी मंडळी पवित्र आहे, तुम्हीच काय मोठे लागून गेलात? (गंमत नाही करत, कोरहाच्या या वाक्यात तथ्य आहे, कारण निर्गम 19 मध्ये देवाने सगळ्या राष्ट्रालाच याजकांचं राज्य म्हटलंय. त्याला हवी होती जागा, सेवा नव्हे, असं मला वाटतं.) कोरहाचा नाश होतो, दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा अहरोनावर चिडतात, मरी पसरते, आणि मोशे अहरोनाला सांगतो की वेदीवरचा विस्तव धुपाटण्यात घे आणि लोकांत जा. अहरोन त्या वेळी ऐंशीच्या पुढचा म्हातारा. आणि तो धावतो. ज्यांनी काल-परवापासून त्याच्या नावाने बोटं मोडली त्यांच्यात हा धावत जातो आणि मेलेल्यांच्या आणि जिवंतांच्या मधे उभा राहतो, आणि मरी थांबते. 14,700 माणसं तोवर गेलेली असतात. बायबलमध्ये याजकाचं याहून चांगलं चित्र मला तरी सापडलेलं नाही. हातात धुपाटणं, दम लागलेला, आणि एका बाजूला प्रेतं.

याच्या उलटही आहेच. एली नावाच्या याजकाची मुलं, होफनी आणि फिनहास, स्वतःही याजक, तीन दातांचा काटा घेऊन नोकर पाठवायची आणि शिजणाऱ्या भांड्यातलं मांस उचलायची, शिवाय देवाला चरबी अर्पण व्हायच्या आधीच कच्चं मांस मागायची, नाही दिलं तर जबरदस्ती. आणि त्याच ठिकाणी हन्ना नावाची बाई मनातल्या मनात रडत प्रार्थना करते, तर एलीला वाटतं ही दारू पिऊन आलीय. आयुष्यभर मंदिरात बसलेल्या माणसाला प्रार्थना करणारी बाई ओळखू आली नाही! होशेय आणि मलाखी या संदेष्ट्यांनी तर याजकांना जे सुनावलंय ते आजही वाचवत नाही. आणि येशूच्या दाखल्यात जखमी माणसाला बघून पलीकडच्या बाजूने निघून जाणारा पहिला माणूस कोण, तर याजक. प्रेताला शिवून विटाळ होईल म्हणून गेला असेल असं समर्थन केलं जातं, पण लूक म्हणतो की तो त्या वाटेने खाली उतरत होता, म्हणजे बहुधा यरुशलेमहून घरी, सेवा उरकून. वेदीजवळचं काम झालं होतं, रस्त्यावरचं राहिलं.

आता येशूकडे येते. येशू याजक नव्हता. म्हणजे त्याच्या काळच्या हिशोबाने. तो यहूदाच्या वंशातला, आणि याजकपण लेवीच्या वंशात, अहरोनाच्या घराण्यात. मंदिरात तो बलिदान करायला कधी उभा राहिला नाही. पण मार्क 1 मध्ये एक कुष्ठरोगी त्याच्याजवळ येऊन गुडघे टेकतो, आणि येशू हात पुढे करून त्याला शिवतो. मग सांगतो की जा, याजकाला दाखव, मोशेने सांगितलेलं अर्पण कर. म्हणजे तोच लेवीय 14 चा विधी, कान, हात, पाय. तो माणूस काही गप्प बसत नाही, गावभर सांगत सुटतो, आणि मार्क लिहितो की त्यामुळे येशूला उघडपणे गावात जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहिला. नीट बघा काय झालं ते. कुष्ठरोगी आत आला आणि येशू बाहेर गेला. जागांची अदलाबदल. मार्कने हे पहिल्याच अध्यायात ठेवलंय आणि मग उरलेलं सगळं शुभवर्तमान त्याच दिशेने जातं, शेवटी शहराच्या वेशीबाहेर क्रुसापर्यंत. तिकडे खटल्यात कयफा, खरोखरचा प्रमुख याजक, स्वतःचे कपडे फाडतो, जे नियमाने प्रमुख याजकाने करायचं नसतं.

नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने हे सगळं ओळखलं. त्याने 110 व्या स्तोत्रातला मलकीसदेक पुढे आणला, अब्राहामाला भाकर आणि द्राक्षारस देणारा सालेमचा राजा, ज्याची वंशावळ बायबल सांगतच नाही, आणि म्हटलं की येशूचं याजकपण या तऱ्हेचं आहे, रक्ताच्या नात्याने आलेलं नाही. पण मला त्या पत्रातली जास्त जवळची वाटते ती पाचव्या अध्यायातली ओळ, की अज्ञानी आणि चुकलेल्यांशी याजक सौम्यपणे वागू शकतो कारण तो स्वतःच दुबळेपणाने वेढलेला असतो. दुबळेपणा ही याजकाची पात्रता, असं सांगणारा दुसरा धर्मग्रंथीय उतारा मला माहीत नाही. अजून एक: मंडपात समई होती, मेज होतं, धूपवेदी होती, पण बसायला काही सांगितलेलं नाही. दहावा अध्याय म्हणतो की बाकीचे याजक रोज उभे राहून तीच तीच अर्पणं करत राहतात, पण ख्रिस्त एकच अर्पण करून बसला. काम पूर्ण झालं म्हणून बसला. आणि मग तेराव्यात शेवटी, चला तर आपणही त्याच्याकडे छावणीच्या बाहेर जाऊ.

मग चर्चमध्ये याजक आले कुठून, हा प्रश्न माझ्या प्रोटेस्टंट मैत्रिणी मला नेहमी विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. नव्या करारात मंडळीच्या कुठल्याही पुढाऱ्याला याजक म्हटलेलं नाही. वडील (म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ) आहेत, अध्यक्ष आहेत, सेवक आहेत. याजक म्हटलंय ते सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळून, पेत्राच्या पहिल्या पत्रात आणि प्रकटीकरणात. सन 70 मध्ये रोमी सैन्याने मंदिर जाळलं, लेवीय याजकांचं काम संपलं, आणि इकडे प्रभुभोजनाभोवती जमणाऱ्या मंडळीत हळूहळू बिशपसाठी ती जुनी भाषा वापरली जाऊ लागली. साधारण 200 च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन बिशपला प्रमुख याजक म्हणतो, आणि तिसऱ्या शतकाच्या मध्यात कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या पत्रांत तर ही भाषा पक्की झालेली दिसते. मी कॅथलिक आहे, मला या वाढीत काही गैर वाटत नाही, भाकर आणि द्राक्षारसाजवळ ख्रिस्ताच्या वतीने उभं राहणाऱ्याला तसं म्हणणं साहजिक होतं. पण त्याबरोबर पायऱ्याही आल्या, आणि पायऱ्यांवर माणूस चढला की त्याला खालचं कमी दिसायला लागतं, हेही खरं.

म्हणूनच मला चौथ्या शतकातले ते पळून जाणारे फार आवडतात. नाझियांझसच्या ग्रेगरीला त्याच्या वडिलांनीच, जे स्वतः बिशप होते, 361 च्या शेवटी दीक्षा दिली आणि हा पळून मित्राकडे गेला, पुढच्या ईस्टरला परत आला आणि मग आपण का पळालो हे त्याने लांबलचक लिहून ठेवलं. जीवांची देखभाल ही सगळ्या कलांतली कठीण कला आहे असा त्याचा एकूण सूर. योहान ख्रिसोस्तोमही तरुणपणी दीक्षा चुकवायला लपून राहिला होता. हे भित्रे नव्हते. ख्रिसोस्तोम पुढे कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला, दरबाराला नको ते बोलला आणि 407 मध्ये हद्दपारीत मेला. ओझं केवढं आहे हे आधी कळलेली माणसं होती ती.

आणि ओझं न पेलणाऱ्यांचं काय? हा प्रश्न पण जुनाच. 303 पासून रोमी सरकारने केलेल्या छळात काही बिशपांनी घाबरून पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले, आणि नंतर उत्तर आफ्रिकेत वाद पेटला की अशांच्या हातून झालेले संस्कार खरे मानायचे का. डोनेटिस्ट नावाच्या गटाचं उत्तर होतं, ‘नाही’. तिथलाच बिशप ऑगस्टीन, त्याने शेवटपर्यंत उलट भूमिका घेतली, की बाप्तिस्मा पेत्राने दिला काय नि येशूला धरून देणाऱ्या यहूदाने दिला काय, देणारा ख्रिस्तच. याजकाच्या चारित्र्यावर माझं तारण टांगलेलं नाही, हा केवढा मोठा दिलासा आहे. पण या दिलाशाचा गैरफायदाही फार घेतला गेला, हे मला मोठ्याने म्हणायचंय. संस्कार वैध राहतात म्हणजे माणूस त्या जागेवर राहायलाच हवा असं ऑगस्टीनने कुठे म्हटलं नव्हतं. मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना एका धर्मग्रामातून दुसरीकडे पाठवलं गेलं, त्यांचा झगा वाचवला आणि लेकरं नाही वाचवली, त्या सगळ्यात याजकपणाची नेमकी उलटी बाजू आहे: होफनी-फिनहासचा काटा. 2018 च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांनी सगळ्या कॅथलिकांना पत्र लिहून सांगितलं की अत्याचाराला नाही म्हणायचं तर धर्मगुरूंना चढवून ठेवण्याच्या वृत्तीलाही ठामपणे नाही म्हणावं लागेल. ही वृत्ती फक्त धर्मगुरूंत नसते, आपण सामान्य लोकही ती हौसेने जोपासतो.

प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने 1520 मध्ये म्हटलं की चांभार, लोहार, शेतकरी, सगळे सारखेच याजक, प्रत्येकाचं काम तेवढं वेगळं. रोमने तेव्हा ते झिडकारलं, कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1563 मध्ये दीक्षेचा संस्कार ठासून मांडला, सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळा, काढायला लावल्या. मग जवळपास चारशे वर्षांनी, 1964 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट लिहिलं की बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांचं एक सामाईक याजकपण आहे आणि दीक्षितांचं सेवेचं याजकपण आहे, दोन्ही ख्रिस्ताच्या एकाच याजकपणातून येतात, फरक आहे आणि तो नुसता कमीजास्तचा नाही. स्त्रियांना दीक्षा द्यावी का यावर अँग्लिकन एका बाजूला गेले, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स दुसऱ्या, तो वाद इथे काढत नाही, त्याला वेगळा लेख हवा.

दीक्षाविधी मी जवळून पाहिलाय. उमेदवार जमिनीवर पालथा पडतो, सगळी मंडळी गुडघ्यावर, संतांची नावं एकामागून एक गायली जातात. मग बिशप एक शब्दही न बोलता त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, मागोमाग तिथले सगळे धर्मगुरू एकेक करून तेच करतात. आणि नंतर तळहातांना तेल. पण हेच पवित्र तेल बाळाच्या बाप्तिस्म्यातही असतं. डोक्याला तेल लावताना धर्मगुरू जी प्रार्थना म्हणतात त्यात ख्रिस्त याजक, संदेष्टा आणि राजा होता आणि हे बाळ आता त्याचा भाग आहे असं असतं. त्या वेळी बाळ बहुतेक रडत असतं, घरचे फोटोच्या गडबडीत असतात, आणि हे वाक्य कुणाच्या कानावर पडत नाही.

माझे वडील शेवटच्या आजारात दवाखान्यात होते तेव्हा एक फादर रात्री उशिरा आले. कपाळाला तेल लावलं, मग दोन्ही तळहात उघडून त्यांना. विधी संपला आणि मला वाटलं आता जातील, पण ते स्टूल ओढून बसले, काही बोलले नाहीत फारसं, बाबांचा हात धरून ठेवला बराच वेळ. जुन्या रीतीत एक बारकावा आहे, आजारी माणूस स्वतः धर्मगुरू असेल तर तेल तळहाताला न लावता हाताच्या पाठीला लावायचं, कारण तळहात आधीच दीक्षेच्या वेळी अभिषेक झालेले. म्हणजे त्या खोलीत अभिषेक झालेला तळहात आणि आता नुकताच तेल लागलेला तळहात एकमेकांत होते. कोण देणारा कोण घेणारा ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

फादर डेमियनबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. बेल्जियमचा शेतकऱ्याचा मुलगा. हवाईच्या सरकारने कुष्ठरोग्यांना मोलोकाई बेटावरच्या कालाउपापा या भूशिरावर नेऊन सोडायला 1866 मध्ये सुरुवात केली, एका बाजूला उंच कडे आणि बाकी समुद्र. 10 मे 1873 ला डेमियन तिथे गेला. धर्मगुरूंनी आळीपाळीने जायचं असं ठरलं होतं, हा राहिलाच. घरं बांधली, शवपेट्या केल्या, खड्डे खणले, जखमा बांधल्या. आणि एकटा पडला, कारण त्यालाही पापाची कबुली द्यायला दुसरा धर्मगुरू लागणारच की. एकदा त्याचा वरिष्ठ जहाजाने आला तर त्याला उतरू दिलं नाही, तेव्हा डेमियन होडीतून जहाजाजवळ गेला आणि खालून ओरडून त्याने आपली पापं सांगितली. इब्री पत्राची ती ओळ आठवते, दुबळेपणाने वेढलेला. प्रवचनात तो ‘आपण कुष्ठरोगी’ म्हणायचा, आणि 1884 च्या शेवटी गरम पाण्यात पाय पोळला तरी त्याला कळलं नाही. 15 एप्रिल 1889 ला, वयाच्या 49 व्या वर्षी तो गेला. लेवीय 14 मधला याजक छावणीबाहेर जाऊन रोग्याला आत आणतो. डेमियनला कुणाला आत आणता येत नव्हतं, सरकारचा हुकूम होता, म्हणून तो बाहेरच राहिला आणि बाहेरची ती जागाच त्याने माणसांची वस्ती केली.

त्याच्या मरणाआधी दोन माणसं तिथे पोचली होती. जोसेफ डटन, अमेरिकन यादवी युद्धात लढलेला एक माणूस, 1886 मध्ये आला. मदर मरियान कोप 1888 मध्ये काही सिस्टर्सना घेऊन आल्या. दोघांनाही दीक्षेचं तेल लागलेलं नव्हतं, मिस्सा (प्रभुभोजनाचा विधी) करायचा अधिकार नव्हता, फक्त बाप्तिस्मा झालेला होता. मदर मरियान 1918 मध्ये तिथेच वारल्या. डटन चाळीसहून जास्त वर्षं मुलांच्या आश्रमात जखमा धूत राहिला. लोक त्याला ब्रदर म्हणायचे, पण त्याने कधीही कुठल्या संघाची व्रतं घेतली नव्हती.